ढगांना झाकण कशाला?

आमच्या सातारा-सांगलीकडे विज्ञानाच्या व्याख्यानात क्वासारचा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं: "मधल्या कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणामुळे वायूचे ढग टिकून राहतात." टाळ्या पडतात, प्रश्न संपतो. मला हे उत्तर अजिबात मान्य नाही.

मंडळी, कृष्णविवर ढगाला कक्षेत फिरवतं, एकसंध ठेवत नाही. हिशेब करूनच बघा ना. घन सेंटिमीटरमध्ये १० अब्ज कण, तापमान दहा हजार अंश, व्यास समजा १० कोटी किमी. एवढ्या वायूचं वस्तुमान चंद्रापेक्षाही कमी! स्वतःचा मुक्तिवेग सेकंदाला पाचेक मीटर, आणि कण पळतात सेकंदाला दहाएक किलोमीटरने. म्हणजे चारेक महिन्यांत ढग पसार. ३सी २७३ या क्वासारमध्ये असा वायू केंद्रापासून सुमारे १५० प्रकाशदिवसांवर फिरतो, हे २०१८ मध्ये मोजलं गेलं. तिथे एका फेरीलाच काही शतकं लागतात.

मग झाकण शोधणं आलं. १९८१ मध्ये क्रोलिक, मकी आणि टार्टर यांनी बाहेरच्या अतितप्त वायूचा दाब सुचवला. पण तो वायू पुरेसा तापत नाही, शिवाय त्यातून सेकंदाला हजारो किमी धावणारा ढग फाटणारच. १९८७ मध्ये मार्टिन रीस म्हणाले, चुंबकीय क्षेत्र. एक गाउसच्या आसपास पुरतं. पृथ्वीचंच अर्धाएक गाउस आहे. हे बरंच पटण्यासारखं.

पण मुळात तोच ढग टिकला पाहिजे हा हट्ट कशाला? पावसाळ्यात यवतेश्वरच्या माथ्यावर ढग तासन् तास बसलेला दिसतो. तो बसलेला नसतोच! एका बाजूने नवा तयार होतो, दुसरीकडे विरतो. क्वासारच्या तबकडीवरून वायू असाच सतत उठत असेल, तर झाकण हवंच कशाला? तबकडीवरच्या वाऱ्याची प्रारूपं हेच तर सांगतात.

कोल्हापुरात जन्मलेल्या नारळीकरांनी अजित केंभावींसोबत १९९९ मध्ये क्वासारवर आख्खं पाठ्यपुस्तक लिहिलं. त्याच मातीत आपण पोरांना तयार उत्तरं वाटतो. वरचा हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्रात बसतो हो! टाळ्या नंतर वाजवा, आधी त्यांच्या हातात कागद-पेन्सिल द्या.

असो. पुढच्या व्याख्यानात कुणीतरी हात वर करून विचारा: "सर, चार महिन्यांनी काय?"