सशाच्या तापावर लशीचा शिक्का कशाला?



हे पत्रक लशीच्या विरोधात नाही. तसं कुणी वाचून दाखवत असेल, तर त्याच्या हातून ते काढून घ्या. बाळाला लस वेळेवर टोचा. आमचं भांडण आहे ते काही लशींची कुपी बाजारात येण्याआधी होणाऱ्या एका जुन्या कवायतीशी.

तीन ससे घ्यायचे. मान तेवढी बाहेर राहील अशा खोड्यात अडकवायचे. गुदद्वारात तापमापक, कानाच्या शिरेत लशीची सुई, आणि मग तीन तास आकडा बघत बसायचं. मी हे स्वतः केलंय. ससा भित्रा, शेजारी ट्रे आपटला तरी त्याचं अंग तापतं. त्या अंगावरून माणसाला ताप येईल की नाही, हे आपण ठरवतो!

आता दुसरी रीत बघा. रक्तदात्याच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशी घ्यायच्या, त्यात लस घालून उबवणीपेटीत ठेवायच्या. ताप आणणारं काही असेल, तर त्या पेशी इंटरल्युकिन-६ सोडतात आणि ते मोजता येतं. माणसाच्या तापाचं माणसाच्या पेशीलाच विचारलं, इतकं सरळ. युरोपीय औषधकोशात ही चाचणी २०१० पासून आहे. २०२४ मध्ये त्याच औषधकोशाने सशाची चाचणी आपल्या पानांतून काढायचं ठरवलं. पाच उंदीर आणि दोन गिनीपिग टोचून ते सात दिवस जगतात का, हे पाहण्याची आणखी एक चाचणी होती. ती लशींसाठी बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्येच सांगितलं.

‘पण मग चूक पकडणार कोण?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मुंबईच्या परळला चला. १९०२ मध्ये जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनसाहेबांच्या तिथल्या प्रयोगशाळेतून प्लेगची लस पंजाबातल्या मुलकोवालला गेली. एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने दगावली. साहेबांची नोकरी गेली. पुढे कळलं, की बाटली उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला आणि तोच पुन्हा वापरला गेला होता. परळला शंभर ससे टोचले असते, तरी तो चिमटा सापडला असता का? लस सुरक्षित राहते ती प्रत्येक टप्प्यावरच्या शिस्तीने. शेवटी सशाला घाबरवून नव्हे.

तरी ससे सुटत नाहीत. एका देशाने सशाच्या चाचणीची अट रद्द केली, की दुसऱ्याच्या फायलीत ती शिल्लक असते. कारखानदार दोघांनाही सांभाळतो आणि पिंजरे भरलेले ठेवतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, अट लिहिणाऱ्याला जाब विचारा.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेला एवढंच विचारा: कोणकोणत्या लशींच्या परवान्यात सशाची अट आजही आहे, आणि ती काढायची तारीख काय?

— पिंजऱ्याच्या अलीकडे उभा राहिलेला एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक