पंगतीतून उठताना

राजेश्वर गावची माझी आत्या पंगतीला बसत नाही, हे मला गेल्या दत्तजयंतीला कळलं. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात त्या दिवशी मोठा उत्सव असतो; १८१७ साली दत्तजयंतीलाच माणिकप्रभूंचा जन्म झाला. आत्या परकर नेसायची तेव्हापासून तिथं जाते. या खेपेला मात्र दर्शन घेतलं आणि सरळ बाहेर आली. जेवली का नाहीस, विचारलं तर म्हणाली, "बसाय येतं रे, उठाय येत नाही. चार माणसांत हाताला धरून कोण उठवावं?"

आत्याचं वय ७४. साखर नाही, रक्तदाब नाही, कोणत्या साली तुरीची रास किती झाली ते तोंडपाठ. तपासणीचा कागद बघितला तर ठणठणीत बाई. फक्त जमीन तिच्यापासून लांब गेली आहे. जात्याच्या जागी गिरणी आली, चुलीच्या जागी ओट्यावरचा गॅस, पाटाच्या जागी फायबरची खुर्ची. आणि दोन वर्षांमागं मुलानं कमोड बसवला. यातली एकही सोय वाईट नाही, आणि जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी पायलीभर ज्वारी दळून दाखवावी. पण उकिडवं बसणं, मांडी घालणं, उठणं हे दिवसातून पन्नासदा आपोआप व्हायचं, ते बंद पडलं.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं आणि हात, गुडघा टेकला की गुण कापले. कमी गुणवाल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. टेकलेल्या हातानं कुणी मरत नाही. पायांतली ताकद आणि तोल किती उरलाय, तेवढं तो हात सांगून जातो.

म्हणून मी आत्याला योगासनं सुचवली. ती हसली. "आता ह्या वयात पाय गळ्यात घालू का?" योग म्हणजे कसरत, हा टीव्हीनं करून ठेवलेला घोटाळा आहे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार मूळचे कर्नाटकातले, कोलार जिल्ह्यातल्या बेल्लूरचे. १९३७ साली पुण्याला आले आणि तिथलेच झाले. ऐंशी ओलांडलेल्या बेल्जियमच्या राणीला त्यांनी शीर्षासन शिकवलं, ही गोष्ट सगळे चवीनं सांगतात. मला त्यांची खुर्ची जास्त मोलाची वाटते. खुर्ची, दोर, लाकडी ठोकळे, भिंत यांच्या आधारानं त्यांनी आजारी आणि थकलेल्या शरीरांपर्यंत आसनं नेली.

एडिंबरोच्या संशोधकांनी २०१९ साली साठीपुढच्या लोकांवरचे २२ अभ्यास एकत्र तपासले. योगानं तोल, पायांची ताकद आणि लवचिकपणा सुधारतो, झोप आणि मनाची उभारीही सुधारते, असं त्यांना दिसलं. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम सांगते. नुसतं हायवेच्या कडेनं फिरून ते भागत नाही.

आत्याची आसनं आता अशी: भिंतीला टेकवलेल्या त्याच फायबरच्या खुर्चीवरून हात न लावता दहादा उठायचं. खुर्चीची पाठ धरून वृक्षासन. पाय मांडीवर नाही, घोट्याशी. मग सतरंजीवर निजायचं आणि कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचं. श्वास कोंडायचा नाही. हाडं ठिसूळ असतील तर कमरेतून खोल वाकायचं नाही, आणि काचबिंदू असेल तर डोकं खाली असलेल्या आसनांच्या वाटेला जायचं नाही. डॉक्टरांना एकदा विचारून घेतलेलं बरं.

चार महिने झाले. यंदा दत्तजयंतीला पंगतीत बसणार म्हणते. मला मात्र शेजारचं पान धरायला सांगितलंय.