गाडीतला मधला आरसा पडला असेल तर

एप्रिल-मे लागला की गाड्यांमधले आरसे गळायला लागतात. दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी संध्याकाळी उघडावी, तर मधला आरसा गिअरपाशी पडलेला. मग तो उचलून ग्लव्ह बॉक्समध्ये जातो आणि पावसाळा संपला तरी तिथेच असतो. ‘बाजूचे दोन आहेत की,’ असं म्हणत माणसं पुणे-नाशिक करून येतात.

तसं करू नका. बाजूचे आरसे शेजारच्या लेनचं सांगतात. तुमच्या पाठीला ट्रक किती चिकटलाय, हे मधलाच आरसा सांगतो. शिवाय डावीकडचा आरसा बहुधा बहिर्गोल असतो, त्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. मधला सपाट असतो, म्हणून अंतराचा अंदाज त्याच्यावरून घ्यायचा. आणि तो बसवण्यासाठी गॅरेज गाठायलाच हवं असंही नाही. हाताचं काम तासभराचं, बाकी सगळं थांबणं. घरी बसवलेला आरसा आठवड्यात पुन्हा पडतो, तो बहुतेक वेळा हे थांबणं न जमल्यामुळे.

बाजारात जाण्याआधी तुमचा आरसा कशाला अडकवलेला होता ते बघा. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो छताला असतो. तिथे डिंकाचा प्रश्नच नाही: प्लॅस्टिकचं झाकण काढा, आतले स्क्रू सोडा, त्याच मॉडेलचा नवा आरसा लावा, झालं. इतर गाड्यांत तो काचेला असतो. काचेच्या आतल्या बाजूला धातूची एक छोटी चकती चिकटवलेली असते आणि आरशाची दांडी तिच्यावर सरकवून किंवा फिरवून बसवलेली असते. आता पडलेला आरसा उलटा करा. चकती काचेवरच असेल, तर दांडीतला बारका स्क्रू ढिला झालाय किंवा दांडीची खाच तुटलीय. स्क्रू असेल तर अ‍ॅलन कीने आवळा. खाच तुटली असेल तर नवा आरसा आणा, पण जुना सोबत नेऊन खाच जुळवूनच. मॉडेल तेच असलं तरी साल बदललं की चकतीचा आकार बदललेला असू शकतो. वापरलेला चालणार असेल, तर जुन्या सुट्या भागांसाठी मुंबईकरांना कुर्ल्याचा सीएसटी रोड माहीत असेलच.

चकतीही आरशासोबत खाली आली असेल, तरच चिकटवण्याचं काम.

मध्येच एक सांगतो. आरसा धड आहे, फक्त त्याची काच तडकली, तर लोक काचवाल्याकडून त्या मापाचा साधा आरसा कापून आणतात आणि चौकटीत बसवतात. स्वस्त पडतं, पण दोन तोटे होतात. आरशाच्या खालची खुंटी रात्री ओढली की मागच्या गाडीचे दिवे मंद दिसतात ना, ती करामत काचेच्या आकाराची असते. ती काच एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ अशी पाचरीसारखी घडवलेली असते. खुंटी ओढली की मागचा चकचकीत थर छताकडे वळतो आणि तुम्हाला दिसतो तो फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड, सुमारे ४ टक्के. सपाट काचेत हे होत नाही. मागच्याने अप्पर मारला की डोळे दिपलेच. दुसरं म्हणजे साधी काच फुटली की तिचे सुरे होतात, आणि ते तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. पूर्ण आरसाच बदला.

आता मुख्य गोष्ट. ‘पुन्हा पडायलाच नको’ या हट्टापायी लोक चकतीभोवती एम-सीलचा गोळा थापतात, कुणी दांडीला तार बांधून छताच्या पत्र्यात स्क्रू मारतात. मधला आरसा धक्का बसल्यावर मुडपावा किंवा सुटून यावा, अशाच बेताने बनवलेला असतो. अपघातात पुढच्या सीटवरच्याचं डोकं त्यावर आपटलं, तर हटायला हवा तो आरसा. आपल्याकडे आरशांसाठी एआयएस-००१ आणि ते बसवण्यासाठी एआयएस-००२ अशी मानकं आहेत. कंपनीने त्यानुसार करून दिलेली जोडणी आपण घरात बसून ‘पक्की’ करायची नाही. रोजच्या खड्ड्यांना पुरून उरेल आणि डोक्याच्या धडकेला वाट देईल, एवढाच तो चिकटलेला असावा.

म्हणूनच डिंक कुठला, याला महत्त्व आहे. किराणा दुकानातली झटपट चिकटणारी ट्यूब इथे नको. काचेवर तो डिंक फार दिवस तग धरत नाही, धक्क्याला ठिसूळ असतो, उष्णतेने मऊ पडतो आणि चकतीभोवती पांढरी वाफ धरतो ती वेगळीच. अकोला-नागपूरकडे बाहेर ४३-४४ अंश असताना बंद गाडीतली हवा साठीच्या पुढे जाते, काच आणि डॅशबोर्ड त्याहून तापतात. दोन ट्यूब कालवून करायचा इपॉक्सी ताकदीचा, पण वाळल्यावर कडक होतो. धातू आणि काच उन्हात सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, त्या ओढाताणीत एक तर तो सुटतो किंवा काचेला ताण देतो. गाडीच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात किंवा ऑनलाइन ‘रिअर व्ह्यू मिरर अ‍ॅडहेसिव्ह’ म्हणूनच पाकीट मिळतं. त्यात दोन गोष्टी असतात, एक पातळ द्राव आणि एक डिंक. तेच घ्या.

चिकटवण्यापेक्षा पुसण्याला जास्त वेळ द्या. सगळ्यात आधी, जुन्या डिंकाचा डाग दिसतोय तोवर, काचेच्या बाहेरच्या बाजूने त्याच्या चारही कडांना मास्किंग टेप लावा. डाग खरवडल्यावर जागा सापडत नाही आणि आरसा दोन बोटं डावीकडे बसतो. मग डॅशबोर्डवर जुनी चादर अंथरा. नवं ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरून, साबणाच्या पाण्याचा हात लावत, जुना डिंक खरवडा. चकतीवरचा डिंक पॉलिश पेपरने घासून काढा, धातू थोडा खरखरीत झाला तर चांगलंच. शेवटी दोन्ही जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, केमिस्टकडे मिळतं. काच पुसायचा निळा स्प्रे नको, त्याचा पातळ थर मागे राहतो आणि डिंक काचेला न धरता त्या थराला धरतो. पुसल्यावर तिथे बोटही लावू नका.

जुनी चकती काचेवर अर्धवट धरून असेल, तर पान्याने उपटू नका. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. चकती ओढताना आतल्या थराचा टवका तिच्यासोबत निघू शकतो. बाहेरून दगड लागून पडलेला टवका भरून देणारे असतात, आतला हा मात्र काच बदलल्याशिवाय जात नाही.

आणि फास्टॅग सांभाळा. तो बहुतेकांनी आरशाच्या मागेच काचेवर लावलेला असतो. ब्लेड त्याच्या कडेला गेलं किंवा साबणाचं पाणी खाली शिरलं, तर स्टिकर फाटतो आणि निकामी होतो. एकदा उचकटलेला पुन्हा चिकटवून चालत नाही, नवाच घ्यावा लागतो. हे टोलनाक्यावर कळण्यापेक्षा आधीच त्यावर कागद आणि टेप लावून ठेवा.

आता चिकटवणं. गाडी सावलीत, काच कोमट. भर उन्हातल्या तापलेल्या काचेवर डिंक पसरायच्या आत धरतो, आणि कोकणातल्या जुलैत काचेला घाम असतो. अशा दिवशी काम पुढे ढकला. चकतीची वरची बाजू कुठली हे पाहून घ्या, उलटी चिकटली तर आरसा सरकणारच नाही. द्राव लावा, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या. डिंकाचा एकच थेंब, चकतीच्या मध्यावर. जास्त डिंक म्हणजे जास्त ताकद नव्हे. पातळ थर घट्ट धरतो, जाड थर मध्येच ओला राहतो. टेपच्या खुणांमध्ये चकती टेकवा आणि मिनिटभर दाबून ठेवा. मध्ये हलवून ‘जरा सरळ’ करायचा मोह आवरा. काचेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर चकती येऊ देऊ नका, साध्या काचेवरच लावा. पाकिटावर पंधरा मिनिटं लिहिलेली असतील. असू द्या. आरसा दुसऱ्या दिवशी सकाळी अडकवा. चकतीवर दांडी सरकवताना आणि स्क्रू आवळताना जोर लागतो, आणि रात्रभर मुरलेल्या डिंकालाच तो झेपतो.

गाडीच्या काचेवर कॅमेरा असेल, लेन सुटली की सावध करणारा किंवा आपोआप ब्रेक लावणारा, तर मात्र तिथे हात घालू नका. आरसा आणि कॅमेरा एकाच झाकणात असतात, कॅमेरा किंचित सरकला तरी त्याचं गणित पुन्हा जुळवावं लागतं, ते सर्व्हिस सेंटरचंच काम. आपोआप अंधारणाऱ्या आरशाला वायर असते. तीही स्वतः ओढू नका.

आरसा थरथरतो, त्याचं एक गमतीचं उदाहरण आहे. १९११ साली इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत रे हॅरूनने जिंकली, गाडीवर मागचं दाखवणारा आरसा लावून. बाकीच्यांसोबत मागे लक्ष ठेवायला मेकॅनिक बसलेला, हा एकटाच. पुढे त्यानेच सांगितलं म्हणतात, की विटांच्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसलंच नाही. आपले रस्ते त्या ट्रॅकपेक्षा फार वेगळे नाहीत, म्हणून आरशाच्या दांडीला लटकवायच्या वस्तूंबद्दल बोलायलाच हवं. दसऱ्याला झेंडूची माळ घालता, घाला. दुसऱ्या दिवशी काढा. अत्तराची बाटली, पोराचा पहिला बूट, जपमाळ, हे सगळं प्रत्येक खड्ड्याला झोका घेतं आणि तो प्रत्येक झोका त्या एका थेंबाला हिसका देतो. शिवाय ते डोळ्यांसमोर हलत राहतं. गणपती डॅशबोर्डवर बसवा, तो तिथे जास्त सुखात असतो.

आरसा लागला की तुम्ही रोज बसता तसे टेकून बसा आणि मान न हलवता मागची काच पुरी दिसेल असा तो फिरवा, खुंटी दिवसाच्या जागी ठेवून. मग गल्लीतल्या गतिरोधकावरून एक चक्कर मारा. आरसा नुसता खाली झुकत असेल, तर दांडीचा गोळा झिजलाय; डिंकाचा दोष नाही, आरसा बदला. चकतीच हलत असेल तर ती पडण्याची वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी काढा, पॉलिश पेपरपासून पुन्हा सुरू करा, आणि या वेळी गाडी दोन रात्री उभी राहू द्या.