पंगतीत पहिले पान कोणाचे?



लाभांश हा शब्द रेल्वे कामगाराला नवा नाही. 1924 च्या व्यवस्थेप्रमाणे रेल्वेने सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे लाभांश भरला. 2017-18 पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प बंद झाला, तेव्हा ही प्रथाही संपली. पण त्या काळात रूळ, पूल आणि सिग्नल बदलण्याची कामे इतकी तुंबली, की 2001 साली 17,000 कोटी रुपयांचा विशेष सुरक्षा निधी उभारावा लागला. मालकाचा हिस्सा आधी बाजूला निघतो आणि घराची डागडुजी मागे पडते, हे आपण लाइनीवर पाहिले आहे. तेव्हा संगणक कंपन्यांच्या लाभांशाची चर्चा निघाली की 'तो शेअरवाल्यांचा मामला' म्हणून पान उलटू नका.

टीसीएसचेच उदाहरण घेऊ. टपाल खात्यातल्या बांधवांना या नावाची ओळख करून द्यायला नको. खात्याच्या संगणकीकरणाचे सुमारे 1,100 कोटींचे काम 2013 साली याच कंपनीला मिळाले होते. 2024-25 मध्ये कंपनीला 48 हजार कोटींहून जास्त निव्वळ नफा झाला आणि त्या वर्षासाठी दर शेअरमागे 126 रुपये लाभांश जाहीर झाला. त्यातले 66 रुपये 'विशेष' होते. शेअरची दर्शनी किंमत 1 रुपया! एकूण वाटप सुमारे 45 हजार कोटींचे, म्हणजे नफ्याच्या रुपयातले नव्वद पैशांहून जास्त.

आता कर्मचाऱ्यांचे काय झाले ते पाहा. एप्रिल 2025 मध्ये परिस्थिती अनिश्चित असल्याचे सांगून वेतनवाढ लांबणीवर टाकली गेली. जुलैमध्ये जाहीर झाले, की वर्षभरात 2 टक्के, म्हणजे सुमारे 12 हजार माणसे कमी करणार. कारण काय, तर त्यांची कौशल्ये आता जुळत नाहीत. वेतनवाढ पुढे सप्टेंबरपासून मिळाली, तीही सर्वांना नव्हे. कर्मचाऱ्याच्या वेळी अनिश्चित असलेली परिस्थिती भागधारकाच्या वेळी मात्र निश्चित असते. आमचे भांडण आहे ते या क्रमाशी.

तंत्रज्ञान कंपन्यांनी लाभांश देऊच नये असे म्हणणारे आम्ही नव्हेत. रोकड कंपनीतच साठवून ठेवली म्हणजे ती कामगाराच्या कामी येते, असा भाबडा समज कोणी करून घेऊ नये. सत्यमचे उदाहरण ताजे ठेवा. डिसेंबर 2008 मध्ये तिथल्या संचालकांनी प्रवर्तकांच्या घरच्याच कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला, आणि जानेवारी 2009 मध्ये कळले की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड मुळात नव्हतीच. हातात पडलेला लाभांश निदान खरा पैसा असतो.

'तुमच्या नव्या पेन्शनचा पैसाही याच शेअरांत आहे, मग ओरडता कशाला?' असेही आम्हाला विचारले जाते. 2004 नंतर भरती झालेल्यांचा काही पैसा बाजारात गेला हे खरे आहे. पण आमची खात्रीची पेन्शन काढून घेऊन आम्हाला न विचारता भागधारक केले, आणि आता त्याच नात्याची शपथ घालून दुसऱ्या कामगाराच्या पोटावर पाय आला तरी गप्प बसा म्हणता? टीसीएसचे सुमारे 72 टक्के शेअर टाटा सन्सकडे आहेत आणि त्या कंपनीत धर्मादाय न्यासांचा मोठा वाटा आहे. न्यासांचे काम चांगले आहे, त्याचा आदर आहे. पण पगार मागणाऱ्याला धर्मादायाचा फलक दाखवू नये.

या प्रश्नाला जुने, पारखलेले माप आहे. 1950 साली मुंबईच्या गिरण्यांच्या बोनसच्या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने सूत्र घालून दिले: घसारा, यंत्रांची पुनर्बांधणी, वसूल भांडवलावर 6 टक्के आणि खेळत्या भांडवलावर काही परतावा वजा केल्यावर जे उरेल, त्यावर कामगाराचाही हक्क. 1965 च्या बोनस कायद्याने हा परतावा भांडवलावर 8.5 टक्के आणि राखीव निधीवर 6 टक्के धरला. भांडवलालाही पोट आहे हे मान्य केले, पण त्या पोटाला माप लावले. टीसीएसच्या शेअरला ते माप लावले तर भांडवलावरचे साडेआठ पैसे होतात. राखीव निधीवरचे त्यात मिळवले तरी 126 रुपयांच्या आसपासही पोचत नाही. बाजारात तीन-चार हजारांना शेअर घेतलेला म्हणेल, मी इतकी रक्कम गुंतवली. ती विकणाऱ्याच्या खिशात गेली, कंपनीत नव्हे. कंपनीत भट्टी नाही, माग नाही. तिथे आहे ती माणसांची बुद्धी आणि त्यांच्या रात्रपाळ्या. पण 21,000 रुपयांवर पगार असलेल्याला त्या कायद्याचा बोनस नव्हता, म्हणून बहुतेक अभियंते दाराबाहेरच राहिले. आणि आमचे? रेल्वेचा 78 दिवसांचा बोनस 7,000 रुपयांच्या मर्यादेवर मोजतात, जास्तीत जास्त 17,951 रुपये. लाभांशाला अशी कोणती मर्यादा आहे, ते अर्थखात्याने सांगावे.

आमची मागणी साधी आहे. विशेष लाभांश वाटणाऱ्या कंपनीला पुढचे 12 महिने माणसे कमी करता येऊ नयेत. वेतनवाढ रोखली असेल, तर आधी ती द्यावी. लाभांशाच्या ठरावाच्याच पानावर किती जणांना काढले आणि नवे काम शिकवण्यावर किती खर्च केला, हे आकडे छापावेत. सरकारी कामे घेणाऱ्या कंपन्यांपासून सुरुवात करता येईल, कारण त्या कंत्राटांच्या अटी सरकार स्वतःच लिहिते.