एक बॉक्स, दोन खोल्या

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर अम्मींना हॉलमध्ये येऊन बसणे जड जाऊ लागले. जुना टीव्ही आम्ही त्यांच्या खोलीत ठेवला. दुसरा बॉक्स घ्यावा तर दर महिन्याला वेगळे पैसे! म्हणून हॉलमधल्या बॉक्सच्या मागून पिवळी-लाल-पांढरी वायर भिंतीपलीकडे ओढली. हॉलचा टीव्ही एचडीएमआयवर, अम्मींचा या वायरवर. चित्र जरा मळके, पण आवाज स्वच्छ. आम्ही खूश.

पण बॉक्स एका वेळी एकच चॅनेल दाखवतो. वायर कितीही ओढा, दोन्हीकडे दिसणार तेच. रमजानच्या एका रात्री अम्मी नातिया मुशायरा ऐकत होत्या आणि मुलांनी हॉलमध्ये क्रिकेट लावले. रिमोट भिंतीपलीकडे चालत नाही. अम्मींनी हाकही मारली नाही. तरावीहहून परतलो तर हातात तसबीह घेऊन त्या मॅच पाहत बसलेल्या. म्हणाल्या, "असू दे बेटा, पोरं खूश आहेत."

रात्री झोप लागली नाही. सकाळी बॉक्स उचलून अम्मींच्या खोलीत ठेवला. वायर तीच, दिशा उलटी. मळके चित्र आता हॉलच्या वाट्याला. मुले कुरकुरतात. मॅच नीट बघायची तर दादीअम्मींच्या पलंगावर जाऊन बसावे लागते, तेही मुशायरा संपल्यावर.