भाकरी सोडू नका

मैत्रिणींनो, आमच्या ओळखीच्या पेठच्या एका वहिनींनी वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवणच सोडलं. मधुमेहाची गोळी मात्र चालू! आठव्या दिवशी ओट्यापाशी भोवळ येऊन पडल्या. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं, मगच ताटाला हात लावायचा.

पेठकडे नागली घरचीच. पण नागलीने वजन उतरतं म्हणून दोनाच्या चार भाकऱ्या खाल्ल्या, तर कसं व्हायचं? तिचे उष्मांक गव्हाइतकेच. कॅल्शियम मात्र दसपट आणि पोटही चांगलं भरतं. तेव्हा एक भाकरी, दोन वाट्या पालेभाजी, वर उडदाचं घट्ट वरण. खरी गोम आहे फोडणीत आणि चहात. तेल माणशी महिन्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नको. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दीडशे उष्मांक, आणि ते आपण जेवणात धरतच नाही!

रोज अर्धा तास भरभर चाला. (धुणं-भांडी यात धरायची नाहीत हं!) महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ. घरी काटा नसेल तर एकच जुना ब्लाऊज दर महिन्याला घालून पाहा.