मदत सिनेमाला, मोजमाप मजुरीचं

चित्रपटाला सरकारी मदत द्यायचीच असेल, तर ती कशावर मोजून द्यायची? तयार चित्रपटाच्या दर्जावर, निर्मात्याच्या एकूण खर्चावर, की चित्रपट बनवताना स्थानिक माणसांच्या हातात पडलेल्या मजुरीवर? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने तिसरा मार्ग धरला आणि पाव शतकाहून अधिक काळ तो चालवून दाखवला. या मार्गात उणिवा आहेत. तरीही महाराष्ट्राने त्याच्याकडे बारकाईने पाहायला हवं.

तिथे दोन मुख्य योजना आहेत. ‘फिल्म इन्सेंटिव्ह बीसी’ ही कॅनेडियन निर्मात्यांसाठी, तर ‘प्रॉडक्शन सर्व्हिसेस टॅक्स क्रेडिट’ ही मुख्यतः परदेशी स्टुडिओ वापरतात. जानेवारी २०२५ पासून चित्रीकरण सुरू करणाऱ्यांना पहिल्या योजनेत पात्र मजुरीच्या ४० टक्के आणि दुसरीत ३६ टक्के परतावा मिळतो. विमानाची तिकिटं किंवा कॅमेऱ्याचं भाडं यात धरत नाहीत. धरतात ते प्रांतातल्या रहिवाशांना दिलेलं मानधन आणि पगार. कंपनीला कर लागू होत नसला, तरी ही रक्कम तिच्या हातात पडते.

खरी गंमत आहे ती प्रादेशिक जोडाची. व्हँकुव्हर परिसराबाहेर चित्रीकरण केलं, तर कॅनेडियन निर्मितीला आणखी १२.५ टक्के आणि दुसऱ्या योजनेत आणखी ६ टक्के मिळतात. त्याहून दुर्गम भागात गेलं, तर त्यावर अजून ६ टक्के. अट अशी, की किमान पाच दिवस आणि प्रांतातल्या एकूण चित्रीकरणाचे निम्म्याहून जास्त दिवस शहराबाहेर झाले पाहिजेत. ही जोडही दिवसांच्या प्रमाणातच. समजा, कॅनेडियन निर्मितीत पात्र मजुरी १० लाख डॉलर झाली आणि ३० पैकी २० दिवस युनिट व्हँकुव्हरबाहेर होतं. मूळ परतावा झाला ४ लाख डॉलर. प्रादेशिक जोडाचे सव्वा लाख पूर्ण मिळत नाहीत. त्यांचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ८३ हजार डॉलर मिळतात. त्यामुळे एक दिवस गावाकडे जाऊन फोटो काढून परतणाऱ्यांना ही जोड मिळत नाही.

कागदपत्रांची शिस्तही कडक आहे. आधी ‘क्रिएटिव्ह बीसी’ या संस्थेचं पात्रता प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मग कंपनीच्या विवरणपत्रासोबत कॅनडाच्या महसूल खात्याकडे दावा करावा लागतो. कामगार आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला प्रांताचा रहिवासी होता, याचा पुरावा लागतो. आणि कळीची अट म्हणजे मजुरी आर्थिक वर्षात किंवा वर्ष संपल्यावर ६० दिवसांच्या आत प्रत्यक्ष दिलेली असली पाहिजे. थकवलेली मजुरी हिशेबात धरली जात नाही.

ही अट मुंबईत काम करणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. आपल्याकडच्या मालिकांमध्ये ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत वर्षानुवर्षं मुरली आहे. लाइटमन, मेकअप, स्पॉटदादा, ज्युनियर आर्टिस्ट यांच्या संघटना त्याविरुद्ध बोलत आल्या आहेत. मजुरी दिल्याशिवाय परतावा नाही, असं ठरलं, तर वेळेवर पैसे देणं निर्मात्याच्याच फायद्याचं होईल.

ब्रिटिश कोलंबियाच्या नियमात एक मोठी फट मात्र आहे. प्रादेशिक जोड चित्रीकरणाच्या जागेवर मोजतात. कामगाराचं गाव त्यात पाहत नाहीत. व्हँकुव्हरचं युनिट शंभर मैल आत गेलं, हॉटेलात राहिलं आणि काम संपवून परतलं, तरी त्याची सगळी मजुरी धरली जाते. गावाला खोल्यांचं भाडं आणि जेवणाचं बिल मिळतं, कसब मात्र शहरातच राहतं.

दुसरा धोका दरांच्या चढाओढीचा. परदेशी निर्मितीचा मूळ दर तिथे ३३ टक्के होता. तिजोरीवरचा भार वाढल्याने २०१६ मध्ये तो २८ वर आणला. मग हॉलिवूडचं काम आटलं, इतर राज्यांनी आणि देशांनी सवलती वाढवल्या आणि दर पुन्हा चढून ३६ वर गेला. स्टुडिओ दर पाहून मुक्काम हलवतात, हे अमेरिकेतल्या मिशिगनने अनुभवलं आहे. त्या राज्याने २००८ मध्ये ४२ टक्क्यांपर्यंतची सवलत दिली आणि २०१५ मध्ये योजनाच बंद केली. म्हणून कमाल मर्यादा आणि ठरावीक काळाने फेरआढावा नसलेली योजना आपल्याकडे आणूच नये.

भारत सरकारनेही या दिशेने एक पाऊल टाकलं आहे. २०२२ मध्ये परदेशी चित्रीकरणासाठी जाहीर केलेल्या सवलतीत भारतीय मनुष्यबळ १५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर जादा ५ टक्के ठेवले गेले. पुढे २०२३ मध्ये गोव्यातल्या ‘इफ्फी’ या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ही सवलत ४० टक्क्यांपर्यंत आणि मर्यादा ३० कोटी रुपयांपर्यंत वाढवली. पण इथे स्थानिक मजुरी ही जोड आहे, पाया नाही.

महाराष्ट्रात मराठी चित्रपटांना अनुदान मिळतं ते चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण समितीने दिलेल्या दर्जावर. चांगल्या कलाकृतीचा गौरव व्हावा, हे योग्यच. पण त्यातून चित्रीकरण कुठे झालं आणि पैसे कुणाला मिळाले, याचं उत्तर मिळत नाही. काम मात्र गावागावांत पोहोचलं आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका कोल्हापूरजवळच्या वसगडेत, ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सिंधुदुर्गातल्या आकेरीत, तर ‘सैराट’ हा चित्रपट करमाळा परिसरात चित्रित झाला. प्रभात कंपनी १९२९ मध्ये ज्या कोल्हापुरात जन्मली, तिथे आज चित्रनगरी उभी आहे.

तेव्हा दर्जाच्या अनुदानाला हात न लावता, त्याच्या शेजारी एक छोटी योजना सुरू करावी. मुंबई महानगराबाहेर चित्रित होणाऱ्या मराठी मालिका आणि चित्रपटांना बँकेतून दिलेल्या मजुरीवर परतावा द्यावा. त्यात चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होतं, तिथल्या रहिवाशांच्या मजुरीला जास्त दर द्यावा, म्हणजे कॅनडातली फट इथे राहणार नाही. प्रत्येक निर्मितीला वरची मर्यादा ठेवावी. कोल्हापूर, सातारा आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत तीन वर्षं हे करून पाहावं आणि दरवर्षी किती स्थानिक लोकांना किती दिवस काम मिळालं, याचा तक्ता विधिमंडळापुढे ठेवावा.